हासनच्या वकीलबाईंच्या कथा लंडनपर्यंत कशा गेल्या? बानू मुश्ताक कोण, आणि त्यांनी लिहिलंय तरी काय?

कर्नाटकातलं हासन हे जिल्ह्याचं गाव. तिथल्या वकील आणि लेखिका बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला २० मे २०२५ रोजी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कन्नड पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. ५० हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. नाव सगळीकडे झालं, पण या बाईंनी नेमकं काय लिहिलं हे अनेकांना ठाऊक नाही.

घरात दखनी, लेखणीत कन्नड

१९४८ साली हासनमध्ये जन्मलेल्या बानूंच्या घरी दखनी उर्दू बोलली जायची. आठव्या वर्षी त्यांना शिवमोग्ग्याच्या मिशनरी शाळेत घातलं. तिथे शिक्षण कन्नडमधून. सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे, ही प्रवेशाची अट. मुलगी काही दिवसांतच लिहायला लागली. पुढे हीच त्यांची साहित्याची भाषा झाली.

त्या महाविद्यालयात गेल्या आणि २६ व्या वर्षी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. पण लग्नानंतर बुरखा आणि घरकाम एवढंच वाट्याला आलं. बाळंतपणानंतर त्यांना नैराश्यानं गाठलं. जीव द्यायचा विचार मनात आला, तेव्हा पतीनं तान्ही मुलगी समोर ठेवून त्यांना थांबवलं. हा प्रसंग त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलाय.

बातमीदार ते वकील

१९७० च्या दशकात कर्नाटकात 'बंडाय' म्हणजे बंडखोर साहित्याची चळवळ उभी राहिली. जात, वर्ग आणि बाईवरचा अन्याय यांवर सरळ बोट ठेवणारं हे लेखन होतं. महाराष्ट्रातल्या दलित साहित्याचा त्यावर मोठा प्रभाव होता. बानू या चळवळीत आल्या. ऐंशीच्या दशकात त्यांनी 'लंकेश पत्रिके' या साप्ताहिकासाठी बातमीदारी केली, नंतर वकिली सुरू केली.

त्यांच्या कथांचं मूळ इथंच सापडतं. मदत मागायला येणाऱ्या बायकांची दुखणी त्यांनी जवळून ऐकली होती. सोडून दिलेली बायको, पोटगीसाठी खेटे, एकामागून एक बाळंतपणं, मुलगीच झाली म्हणून टोमणे. 'हार्ट लॅम्प'मधल्या १२ कथा १९९० ते २०२३ या काळातल्या आहेत.

कथांत काय आहे?

शीर्षककथेतली मेहरुन नवऱ्यानं दुसरी बाई जवळ केली म्हणून माहेरी येते. भाऊ तिला समजावतात, घराण्याची अब्रू काढतात आणि त्याच दिवशी सासरी परत नेऊन सोडतात. शेवटी तिला मरणाच्या दारातून मागे खेचते ती तिची लेक. 'काळे नाग' या कथेत आजारी लेकरू घेऊन एक बाई मशिदीच्या विश्वस्ताकडे न्याय मागायला जाते. याच कथेवर गिरीश कासरवल्ली यांनी 'हसीना' हा सिनेमा काढला. त्यातल्या भूमिकेसाठी तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कथेतली माणसं मुसलमान आहेत, पण लेकीला परत पाठवणारं माहेर कुठल्याही गावात सापडेल. शिवाय सगळं रडगाणंच आहे असंही नाही. बानू चिमटेही काढतात. मोठ्या पदावरच्या माणसाची गंमत करताना त्यांची लेखणी जास्त खुलते.

त्रास कशाचा झाला?

बायकांनाही मशिदीत नमाज पढता आला पाहिजे, असं त्यांनी २००० साली जाहीरपणे म्हटलं. त्यावर त्यांच्यावर आणि कुटुंबावर तीन महिने सामाजिक बहिष्कार पडला. धमक्यांचे फोन आले. एका माणसानं चाकूहल्ल्याचाही प्रयत्न केला. पण त्यांनी गाव सोडलं नाही.

२०२५ मध्ये वाद दुसऱ्या बाजूनं आला. म्हैसूर दसऱ्याचं उद्घाटन मुसलमान बाईच्या हस्ते कशाला, असा आक्षेप काहींनी घेतला. प्रकरण उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन्हीकडे याचिका फेटाळल्या गेल्या आणि २२ सप्टेंबरला उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. आधी आपल्यांना त्या नकोशा झाल्या, मग इतरांना. दोन्ही वेळी त्या कन्नड लेखिका म्हणूनच उभ्या राहिल्या.

महाराष्ट्राशी धागा

तोंडी तलाकविरोधात १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला होता. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. आपल्याकडेही घरात दखनी बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी मुलं तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यातल्या एखाद्या मुलीला लिहावंसं वाटलं, तर घरची बोली आडवी येत नाही, हे हासनच्या वकीलबाईंनी दाखवून दिलंय. अनुवादातही दीपा भास्ती यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द जसेच्या तसे ठेवले, तळटीपा दिल्या नाहीत. तरी पुस्तक जगभर वाचलं गेलं.