'ऑफुल' शब्दाचा जुना अर्थ आणि सीमाभागातील इंग्रजी अध्यापन

प्रस्तावना : बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मुडबी परिसर कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. येथे मराठी, कन्नड व दखनी उर्दू शेजारी शेजारी नांदतात. या भागातील विद्यार्थी जुने इंग्रजी साहित्य वाचताना 'ऑफुल' या शब्दापाशी अडखळतो. आज त्याचा रूढ अर्थ 'अतिशय वाईट' असा आहे. मिल्टनने मात्र १६६७ च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये चांगुलपणालाच हे विशेषण लावले आहे. तेथे आजचा अर्थ घेतल्यास वाक्याचा आशयच उलटा होतो.

अर्थाचा प्रवास : 'ऑ' म्हणजे आदरयुक्त भय, ते निर्माण करणारे ते 'ऑफुल'. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ईश्वरासाठी येणारा 'टेरिबल' हा शब्दही याच जातीचा. एकोणिसाव्या शतकात बोलण्यात 'ऑफुल' म्हणजे वाईट आणि 'ऑफुली' म्हणजे केवळ 'फार' असे झाले. मराठीतही 'भयंकर आवडले' असे म्हणताना भय उरलेले नसते.

परिचित शब्दाचा आधार : 'हैबत' हा मूळ अरबी शब्द. समोरच्याच्या थोरवीमुळे वाटणारी भीती, हा त्याचा अर्थ. बहामनी काळापासून फारसी कारभाराच्या संपर्काने असे अनेक शब्द मराठीत रुजले. हैबतराव हे नाव त्याची साक्ष देते. आळंदी-पंढरपूर पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे त्याचे ठळक उदाहरण. नुसती भीती सुचविणारे नाव कोणी मुलाला ठेवत नाही. उर्दूतील 'हैबतनाक' मात्र आज 'भयानक' एवढ्याच अर्थाने वापरला जातो. म्हणजे इंग्रजी शब्दाची वाट याही शब्दाने चालली आहे.

वर्गातील उपयोग : जुना उतारा शिकविताना शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : ही भीती थोरवीची आहे की अपायाची? ईश्वर, राजा, न्याय यांच्या संदर्भात 'हैबत' किंवा 'दरारा' हा अर्थ लागतो. वादळ वा अपघाताच्या संदर्भात 'भयानक'. लेखनात मात्र विद्यार्थ्यांनी जुना अर्थ वापरू नये. प्राचार्यांचा दरारा सांगण्यासाठी त्यांना 'ऑफुल' म्हटल्यास आज ती निंदाच ठरेल.

निष्कर्ष : शब्दकोशातील पहिला अर्थ हा प्रत्येक काळाचा अर्थ नसतो. विद्यार्थ्याच्या घरातील शब्दच त्याला इंग्रजीतील जुना अर्थ उलगडून देऊ शकतो.