कणगी का रिकामी झाली?

ऊसतोडणीचे दिवस होते. थंडी कडाक्याची. पहाटे आमच्या पुतण्याने ट्रॅक्टरची चावी फिरवली. सेल्फ नुसता ‘टक टक’ वाजला. इंजिन काही फिरेना. उसाने भरलेली ट्रॉली उभी. ऊस वाळला की वजन घटते. म्हणून त्याने घाईघाईने हजारो रुपयांची नवी बॅटरी आणली.

चौथ्या रात्री नगर-मनमाड रस्त्यावर दिवे मंद झाले आणि विझले. मागून मालमोटार येत होती. ड्रायव्हरने वेळीच ब्रेक लावला, म्हणून माणसे वाचली.

दोष बॅटरीत नव्हताच. डायनामोचा पट्टा सैल झाला होता!

१९५० साली प्रवरानगरचा साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा बैलगाडीतून ऊस जाई. बैल बसला तर आपण आधी त्याचे पोट, खूर, डोळे पाहतो. लगेच दुसरा बैल विकत आणत नाही. ट्रॅक्टरचेही तसेच आहे.

बॅटरी म्हणजे विजेची कणगी. डायनामो ती भरतो. सेल्फ आणि दिवे त्यातून काढून घेतात. दिव्याला थोडी वीज पुरते. सेल्फला एकदम पुष्कळ लागते. म्हणून दिवा लागला, तरी सेल्फ फिरेलच असे नाही. कणगी रिकामी दिसली, तर चार गोष्टी पाहाव्यात.

१. कणगीचे दार अडले आहे काय? बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. तारही ढिली होते. मग आत वीज असून बाहेर येत नाही. तार सोडवा. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टोके धुवा. पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडे पुसून तार घट्ट बसवा. वरून व्हॅसलीन लावा.

२. भरणारा भरतो काय? चावी फिरवली की बॅटरीचा लाल दिवा लागावा. इंजिन सुरू झाले की विझावा. विझला नाही, तर बॅटरी भरत नाही. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबा. अर्ध्या इंचाहून फार दबला, तर सैल आहे. मिस्त्रीकडे मीटर असतो. इंजिन चालू असताना त्यात साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत.

३. उंदीर खातात काय? एखादा दिवा किंवा टेप रात्रभर वीज खातो. संध्याकाळी काळी, म्हणजे ऋण तार काढून ठेवा. सकाळी तार लावून गाडी नीट सुरू झाली, तर कुठेतरी वीज गळते आहे.

४. कणगीच फुटकी आहे काय? हे शेवटी पाहा. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. भरलेली बॅटरी रात्रभर स्वस्थ ठेवली, तर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. वारंवार भरूनही टिकत नसेल, तर बॅटरी म्हातारी झाली. तेव्हाच नवी घ्या.

झाकणे असलेल्या बॅटरीतले पाणी कमी झाले, तर बॅटरीचेच शुद्ध पाणी घाला. विहिरीचे नको. त्यात क्षार असतात.

आता जिवाची गोष्ट. बॅटरीत तेजाब असते. डोळ्यांत गेले, तर भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. बॅटरी भरताना पेट घेणारा वायू निघतो. म्हणून जवळ विडी ओढू नका. तार काढताना ऋण तार आधी काढा, लावताना शेवटी लावा. इंजिन चालू असताना तार कधीच काढू नका. डायनामो जळतो.

रात्री दिवे गेलेच, तर ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घ्या. ट्रॉलीला मागे चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावलेल्या असू द्या. त्यांना बॅटरी लागत नाही.

आमचा पुतण्या आता दर आठवड्याला पट्टा दाबून पाहतो. त्याला पैसा लागत नाही. अंगठा लागतो. पूर्वी हाच अंगठा आपण कागदावर उठवत होतो. आता तो तपासणीला लावू या!