गाडीसाठी काच फोडायची हातोडी घेताय? आधी गाडीची काच कोणती आहे ते बघा

संभाजीनगरच्या माणसाला रविवारी वेरूळला जायचं असेल तर दौलताबादवरून जावं लागतं. किल्ल्याच्या तटबंदीतल्या अरुंद दरवाजापाशी गाड्यांची रांग लागते आणि मुंगीच्या पावलानं पुढं सरकावं लागतं. तिथून थोड्याच अंतरावर माळीवाड्याला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. त्यावर चढलं की तीच गाडी ताशी १२० नं पळायला लागते.

याच समृद्धीवर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथं नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ जणांचा मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवरच पडल्यामुळं दार जमिनीकडं गेलं. जे मोजके लोक वाचले, त्यातले काही काच फोडून बाहेर आले होते.

असं काही घडलं की पुढचे आठ दिवस सोशल मीडियावर हातोड्यांच्या लिंक फिरतात. लोक ऑर्डर करतात, डब्यात टाकतात आणि विसरतात. मुद्दा असा आहे की ती हातोडी तुमच्या गाडीवर चालेलच, असं नाही.

गाडीत दोन प्रकारच्या काचा असतात. समोरची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. दगड लागला की ती तडकते, पण जागा सोडत नाही. दारांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन म्हणजे टेम्पर्ड असतात. या काचेवर एका बिंदूवर नेमका दाब आला की तिचा क्षणात साखरेसारखा चुरा होतो. हातोडी बनली आहे ती या दुसऱ्या काचेसाठी.

गोची इथंच आहे. आवाज कमी यावा आणि अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून काही नव्या, विशेषतः महागड्या गाड्यांत दारांनाही लॅमिनेटेड काच येते. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये अशी सहा साधनं तपासली. टेम्पर्ड काच सहापैकी चार साधनांनी फुटली. लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही.

म्हणून खरेदीच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन प्रत्येक काचेचा खालचा कोपरा बघा. तिथं बारीक अक्षरांत काचेचा प्रकार छापलेला असतो, टेम्पर्ड किंवा टफन्ड, नाहीतर लॅमिनेटेड. पुढच्या दारांना लॅमिनेटेड असेल तर मागची दारं आणि डिकीची काच तपासा, तिथं बहुधा टेम्पर्ड सापडते. कोणती काच फुटणारी आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, फक्त चालवणाऱ्याला नाही.

आता साधन कोणतं घ्यायचं? बाजारात दोन जाती आहेत. एक टोकदार हातोडी आणि दुसरं स्प्रिंगचं छोटं पंच. पंच काचेला टेकवून दाबलं की आतली सुई जोरात सुटते. एएएच्या चाचणीत स्प्रिंगवालं साधन हातोडीपेक्षा सरस ठरलं. आजीलाही ते वापरता येतं, कारण हात मागं घेऊन घाव घालावा लागत नाही. पाण्याखाली तर हातोडीचा जोरच मरतो. दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी मारायचं काचेच्या कोपऱ्यात, मधोमध नाही, आणि तोंड फिरवून. काचेवर फिल्म असेल तर चुरा तिला चिकटून राहतो, मग लाथेनं बाहेर ढकलावं लागतं.

हेडरेस्ट काढून काच फोडण्याचा व्हिडिओ तुम्हालाही कोणीतरी पाठवला असेल. हेडरेस्ट निघतं ते उंची कमी-जास्त करता यावी म्हणून, काच फोडायला नाही. शिवाय अनेक छोट्या गाड्यांत पुढचं हेडरेस्ट सीटलाच जोडलेलं असतं, निघतच नाही. दुसरं काहीच हाताशी नसेल तर प्रयत्न करावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

पाण्यात गाडी गेली तर

मराठवाड्यात नदीइतकाच धोका रस्त्याकडेच्या विहिरींचा आहे. जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप जालना जिल्ह्यात राजूर रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळून सात जणांचा जीव गेला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गेली.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी माणसं बसलेल्या गाड्या पाण्यात सोडून याचा अभ्यास केला आहे. गाडी लगेच बुडत नाही, साधारण अर्धा ते एक मिनिट तरंगते. वाचायचं ते त्याच वेळात. बेल्ट सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. दार उघडायच्या फंदात पडायचं नाही, बाहेरचं पाणी ते दाबून धरतं. फोनही नंतर. पॉवर विंडो सुरुवातीला बहुधा चालते, म्हणजे पहिलं साधन ते बटणच. ते चाललं नाही तर पंच. एकदा पाणी काचेच्या वर चढलं की काच खाली सरकणं अवघड होतं.

बेल्ट कापायचं कटर बहुतेक हातोड्यांच्या मुठीतच येतं. पातं आत दडलेलं असावं, म्हणजे मुलांचा हात कापत नाही. गाडी उलटी झालेली असेल तर एक हात छताला टेकवल्याशिवाय बेल्ट कापू नका, नाहीतर मानेवर पडाल. आणि कटर आहे म्हणून बेल्ट न लावणं म्हणजे छत्री घरी ठेवून टॉवेल घेऊन निघण्यासारखं आहे.

हे सगळं ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं तर धडकेनंतर झाकण उघडेलच, याची खात्री नाही. बेल्ट लावून बसल्यावर हात पोचेल अशा जागी ते पक्कं अडकवा. नुसतं ठेवलं तर गाडी पलटताना तेच डोक्यात बसेल. एक पुढं, एक मागच्या सीटला. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर मागचा माणूस आतून दार उघडूच शकत नाही, हे पाहुण्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

या पंचाचा रोजच्या आयुष्यात कामी येण्याचा प्रसंग वेगळाच आहे: किल्ली आत, मूल आत आणि गाडी लॉक. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. तेव्हा ११२ ला फोन लावा आणि मूल शुद्धीत नसेल किंवा मदत लांब असेल तर मुलापासून सगळ्यात लांबची काच फोडा.

अग्निशामक घ्यायचं तर आयएसआय खुणेचं, एबीसी पावडरचं आणि दाबाचा काटा असलेलं घ्या. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते अधूनमधून बघा. ते सुरुवातीच्या छोट्या आगीसाठीच आहे. बोनेटमधून धूर येत असेल तर आधी सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. ज्वाळा दिसायला लागल्या असतील तर अग्निशामक काढायलाही परत जाऊ नका.