लक्ष कुठं होतं तुझं?

संध्याकाळची वेळ. गॅसवर दूध ठेवलेलं. मी तिथंच ओट्याला टेकून मुलाला भागाकार शिकवत होते. काही केल्या बाकी जुळेना. तेवढ्यात सासूबाई नाकाला पदर लावून आत आल्या आणि ओरडल्या, "अगं, आधी गॅस बंद कर!" बघते तो काय, दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि गॅस तसाच चालू! नशीब, दिव्याच्या बटणाला कुणाचा हात लागला नाही. खिडक्या-दारं उघडली, आणि मग तो ठरलेला प्रश्न आलाच. "लक्ष कुठं होतं तुझं? दोन हातांवर तर उभी होतीस!"

मैत्रिणींनो, हा प्रश्न ऐकला नाही अशी एक तरी बाई आपल्यात सापडेल का? उतू जाणाऱ्या दुधाचा आवाज मला खरोखरच ऐकू आला नव्हता. पण हे पटवून देणार कसं? कान तर उघडेच होते!

याचं उत्तर मला मिळालं ते मेंदूच्या चित्रांत.

एम.आर.आय.चं यंत्र आता आपल्याला नवं राहिलेलं नाही. बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढून त्या बोगद्यात निजायचं आणि खटखट आवाज ऐकत पडून राहायचं. या यंत्रात भलामोठा चुंबक असतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूने भरलेलं ताजं रक्त जास्त धावतं. ताज्या आणि वापरलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण थोडे वेगळे असतात. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1990 साली हा फरक टिपून दाखवला. याच्या आधारे, डोक्याला सुरी न लावता, माणूस बघत-ऐकत असताना त्याच्या मेंदूचा कोणता भाग राबतो आहे, हे पाहता येऊ लागलं. या तपासणीला एफ.एम.आर.आय. म्हणतात. ती मनातलं वाचते असं मात्र समजू नका हं! रक्त कुठं जास्त गेलं, एवढंच ती सांगते. आणि तेही काही सेकंद उशिरा.

1999 साली अमेरिकेत नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत केली. एका चेहऱ्याच्या चित्रावर घराचं चित्र असं ठेवलं, की दोन्ही एकमेकांतून दिसावीत. खिडकीच्या काचेत आपला चेहराही दिसतो आणि बाहेरचा रस्ताही, तसंच. मेंदूत चेहरे ओळखायला एक जागा आहे, घरं आणि ठिकाणं ओळखायला दुसरी. "चेहऱ्याकडे लक्ष द्या" म्हटलं की पहिली जागा अधिक कामाला लागे. "घराकडे" म्हटलं की दुसरी. डोळ्यांसमोरचं चित्र तेच, बदललं होतं फक्त लक्ष! म्हणजे लक्ष ही नुसती मनाची वृत्ती नव्हे. मेंदूतल्या कामावर त्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो.

मग माझ्या दुधाचं काय? त्याचा उलगडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाला. तिथे निली लाव्ही या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली काही लोकांना पडद्याच्या मध्यभागी इंग्रजी शब्द दाखवले. भोवताली ठिपके सरकत होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं होतं. शब्द मोठ्या लिपीत आहे की लहान, एवढंच सोपं काम असताना मेंदूतला हालचाल टिपणारा भाग त्या नको असलेल्या ठिपक्यांचीही नोंद घेत होता. पण शब्दाचे उच्चार मोजायचं अवघड काम देताच तोच भाग बराच मंदावला.

पुढे 2015 साली त्याच कॉलेजात आवाजाचा प्रयोग झाला. या वेळी एम.ई.जी. नावाचं यंत्र वापरलं. ते मेंदूतले बदल क्षणाक्षणाला टिपतं. डोळ्यांना अवघड काम दिल्यावर मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसादच कमी झाला. एरवी सहज ऐकू येणारे आवाज लोकांच्या ध्यानात आले नाहीत. बघणं आणि ऐकणं एकाच शिधोरीवर जेवतात म्हणा ना! एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याला कमी पडतं.

आता सांगा, लक्ष न देणं आणि लक्ष न पुरणं यांत फरक आहे की नाही? आपण मात्र दोन्हींना एकच शिक्षा करतो, स्वतःलासुद्धा.

हे ओळखून घरात थोडे बदल करता येतील.

• दूध किंवा तळण गॅसवर असताना हिशेब, अभ्यास, मोबाइल नको. उठता येत नसेल तर गॅस बंद करून मग बसा. "आवाज आला की बघीन" हा भरवसा खोटा.

• वाचत बसलेल्या यजमानांना स्वयंपाकघरातून हाका मारू नका. त्यांच्या "हं"वर तर मुळीच विसंबू नका! जवळ जा, खांद्याला हात लावा, नजर वर आली की बोला. निम्मी भांडणं वाचतील.

• चित्रात रमलेल्या मुलाला "बहिरा झालास का?" म्हणू नका. मात्र रिकामं असतानाही त्याला हाक ऐकू येत नसेल, तर डॉक्टरांकडून कान जरूर तपासून घ्या.

• मुलाचा हात धरून रस्ता ओलांडताना मोबाइल पर्समध्येच असू द्या. मेसेज वाचताना हॉर्न कानावर पडेल, पण ध्यानात येईलच असं नाही.

हे सगळं मी एका दुपारी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं, तशा त्या स्टूल ओढून गॅसजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "जा, तू त्याचं गणित घे. दुधाकडे मी बघते."