सीरमविना वाढणाऱ्या पेशी

हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज भारतात बनवण्याचे तंत्र चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे ‘इमटेक’मध्ये, गिरीश साहनी यांच्या गटाने विकसित केले. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम जिवाणूंवर भागले. हे प्रथिन मूळचे जिवाणूंचेच आहे आणि त्याला शर्करेच्या साखळ्या लागत नाहीत.

त्याच कामाचे मानवी प्रथिन, टीपीए, मात्र बरेच गुंतागुंतीचे आहे. ५२७ अमिनो आम्लांच्या या साखळीत १७ डायसल्फाइड बंध अचूक जुळावे लागतात, ठरलेल्या जागी शर्करा जोडाव्या लागतात. संपूर्ण रेणू असा घडवायला सस्तन प्राण्याची पेशी हवी. चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातून थिओडोर पक यांनी १९५०च्या दशकात मिळवलेल्या ‘सीएचओ’ पेशी त्यासाठी निवडल्या गेल्या. त्यांच्यात बनलेल्या टीपीएला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. त्याचेच सुधारलेले रूप, टेनेक्टेप्लेज, पुण्याची जेनोव्हा कंपनी बनवते.

पेशीत जनुक घातले की औषध तयार, असे होत नाही. डीएचएफआर या विकराचा अभाव असलेल्या पेशींना औषधाच्या जनुकासोबत त्या विकराचे जनुकही देतात. मग त्या विकराला रोखणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाची मात्रा वाढवत नेतात. तगतात त्या पेशींत दोन्ही जनुकांच्या प्रती वाढलेल्या असतात, म्हणून प्रथिनही जास्त मिळते.

खरी चिकाटी लागते ती पुढे. या पेशींना भांड्याच्या तळाला चिकटून, गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातून काढलेल्या सीरमवर वाढायची सवय असते. सीरमचा प्रत्येक साठा वेगळा निघतो, त्यातून रोगजंतू शिरण्याची भीती असते आणि त्यातल्या असंख्य प्रथिनांमधून औषध वेगळे काढणेही जिकिरीचे होते. म्हणून सीरम १० टक्क्यांवरून ५, मग अडीच, असे पायरीपायरीने कमी करत शून्यावर आणतात. दर पायरीला नमुन्यात ट्रायपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: निळ्या दिसतात त्या मेलेल्या, रंग न घेणाऱ्या जिवंत. जिवंत पेशींचे प्रमाण आणि वाढीचा वेग सावरल्याशिवाय पुढची पायरी घेत नाहीत. घाई केली, तर आठवड्यांची मेहनत एका फ्लास्कमध्ये वाया जाते. याच काळात पेशी तळ सोडून द्रवात सुट्या वाढू लागतात. गुठळ्या करणाऱ्या मागे टाकल्या जातात. सुट्या वाढल्या, तरच त्या हजारो लिटरच्या टाकीत ढवळत ठेवता येतात.

जुळवून घेतलेल्या पेशींचे प्रथिन पुन्हा तपासावे लागते, कारण माध्यम बदलले की शर्करेच्या साखळ्याही बदलू शकतात. तपासणीत उतरलेल्या एकाच पेशीपासून वाढवलेला वंश छोट्या कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये साठवतात. उत्पादनाची प्रत्येक फेरी त्यातल्याच कुपीपासून सुरू होते.