बालीत पोट बिघडलं तर

बालीला निघालेल्या आपल्याकडच्या ग्रुप टूरच्या बॅगेत थेपले, चिवडा, लोणचं असतंच, सोबत एक ठाम समजूतही असते : "आपण पाणीपुरी पचवलेली माणसं, आपल्याला काय होतंय!" थोडंफार तथ्य आहे त्यात. पण शरीराची ही तयारी बरीचशी ओळखीच्या जंतूंपुरती असते. ई. कोलायची परकी जात किंवा कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेला, की पाणीपुरीची पुण्याई उपयोगी पडत नाही.

बाटलीबंद पाणी बहुतेकजण पितात. नळाचं पाणी तिथली माणसंही तसंच पीत नाहीत. घरोघरी १९ लिटरचे जार असतात. आपण चुकतो ते दात घासताना आणि बर्फाशी. मधे भोक असलेले नळीसारखे तुकडे कारखान्यातले, त्यांना सहसा भीती नाही. लादी फोडून केलेला चुरा मात्र नको.

खरा धोका ताटात असतो. 'वारुंग' म्हणजे तिथली खानावळ. काचेच्या कपाटात सकाळीच शिजवलेल्या भाज्या, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), मासे मांडलेले असतात. भातावर हवं ते वाढून घ्यायचं, झालं 'नासी चांपुर'. सकाळी अकराला ते उत्तम. दुपारी तीनला तेच कोमट झालेलं असतं, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतूंची वाढ जोमात होते. हा नियम पंचतारांकित बुफेलाही लागू आहे. माझ्या मते तिथल्या कोमट पास्त्यापेक्षा रस्त्यावरच्या कढईतून डोळ्यांदेखत उतरलेला वाफाळता नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात, बरा. शाकाहारी मंडळींनी फार निर्धास्त राहू नये. चिरलेली फळं आणि सॅलड नळाच्या पाण्यानेच धुतलेलं असू शकतं. जेवणाआधी हात साबणाने धुवा. नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही.

एवढं करूनही जुलाब लागलेच, तर पहिलं औषध ओआरएस. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. जुलाबातही आतड्याची ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेण्याची वाट चालू राहते, त्यामागोमाग पाणी शोषलं जातं. सगळी करामत एवढीच. म्हणूनच प्रमाण मोडायचं नाही. लिटरभर पाण्याचं पाकीट एका पेल्यात ढवळणारे महाभाग मी पाहिले आहेत! पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला; चमचा चहाचा. बालीत औषधाच्या दुकानाला 'आपोतेक' म्हणतात, तिथे ओआरएससाठी 'ओरालित' मागा. उलटी होत असेल तर घोट घोट प्या. भूक लागली की 'बुबुर', म्हणजे तिथली तांदळाची पेज, मिळते. वरचं चिकन आणि संबल (मिरचीची चटणी) नको म्हणून सांगा.

बॅगेतलं नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल मनाने घेऊ नका. आग्नेय आशियातले बरेच कॅम्पिलोबॅक्टर नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांना जुमानत नाहीत. गरज पडलीच तर डॉक्टर बहुधा अझिथ्रोमायसिन देतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड मोठ्यांना बसप्रवासापुरतं ठीक, पण शौचातून रक्त किंवा जोराचा ताप असेल तर नाही, आणि लहान मुलांना तर नाहीच. रक्त, चढता ताप, थेंबही पोटात न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं, यांतलं काहीही दिसलं तर सहल बाजूला ठेवून दवाखाना गाठा. तापात आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉलच घ्या, कारण बालीत डेंग्यूही आहे आणि त्याची सुरुवात उलट्यांनी होऊ शकते.

साधारणपणे तीन ते पाच दिवसांत पोट ताळ्यावर येतं. परतल्यावर दोन आठवडे उलटूनही पोट फुगणं, ढेकर, पातळ शौच चालूच असेल, तर जिआर्डिया या परजीवीची शंका घेऊन शौचाची तपासणी करावी लागते. त्या वेळी डॉक्टरांना बालीला गेला होतात हे आवर्जून सांगा.