गोळी न लागताही इजा: नेमबाजीतील नळीच्या स्फोटाचा कान, डोळे आणि हातांवर होणारा परिणाम

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. अशा यशानंतर अनेक मुलांना नेमबाजी शिकाविशी वाटते. एनसीसीच्या शिबिरातही कॅडेट्स पॉइंट टू टू रायफलने गोळीबाराचा सराव करतात. रेंजवर शिस्त पाळली तर हा खेळ सुरक्षित आहे. मात्र पालकांचे लक्ष बहुतेक वेळा 'गोळी लागेल का?' एवढ्यावरच असते. प्रत्यक्षात गोळी न लागताही इजा होते आणि ती बहुधा कानाला होते.

नळीच्या तोंडाशी नेमके काय होते?

काडतुसातील दारू पेटली की प्रचंड दाबाचा गरम वायू तयार होतो. गोळी बाहेर पडताच तो वायू नळीच्या तोंडातून एकदम सुटतो आणि हवेत दाबाची लाट उठते. आपल्याला ऐकू येणारा 'धाड' आवाज म्हणजे मुख्यतः हीच लाट.

साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. पॉइंट टू टू रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, तर मोठ्या रायफली आणि शॉटगनचा १५० च्याही पुढे. प्रौढांच्या कानासाठी १४० डेसिबल ही क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा मानतात. लहान मुलांसाठी ती आणखी खाली, १२० धरतात. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दारू नसते. त्यामुळे तिचा आवाज बराच कमी असतो, पण डोळ्यांची काळजी तिथेही घ्यावीच लागते.

ही लाट किती घातक असू शकते याचे एक उदाहरण आहे. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन अभिनेत्याने चित्रीकरणादरम्यान गोळी नसलेले, नुसत्या दारूचे काडतूस भरलेले रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. त्या स्फोटाच्या दाबाने कवटी फुटली आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. म्हणून 'काडतूस रिकामे आहे, गंमत करू' हा विचार कधीही करू नका.

कानाचे नुकसान कसे होते?

आतल्या कानात गोगलगायीच्या आकाराचा एक भाग असतो. त्यातील सूक्ष्म केशपेशी आवाजाचे रूपांतर मेंदूला समजणाऱ्या संदेशात करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाला मधल्या कानातील बारीक स्नायू आकसून थोडे संरक्षण देतात, पण बंदुकीचा आवाज काही मिलिसेकंदांत संपतो. स्नायू आकसेपर्यंत इजा झालेली असते.

रायफल उजव्या खांद्याला लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून त्याचे नुकसान जास्त आढळते. सुरुवातीला साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर ऐकू येईनासे होतात. बोलणे ऐकू येते, पण गर्दीत शब्द नीट कळत नाहीत. त्यामुळे अनेकांना हे नुकसान वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही.

अपघात कुठे होतात?

* आपली फेरी संपली म्हणून कानावरचे मफ काढले आणि शेजारच्याने गोळी झाडली.
* फायरिंग लाइनच्या पुढे किंवा नळीच्या अगदी बाजूला उभे राहिले. नळीच्या टोकाला मझल ब्रेक असेल तर वायू बाजूला फेकला जातो, म्हणजे शेजाऱ्याला जास्त त्रास होतो.
* कानात फक्त कापूस घातला. कापसाने बंदुकीच्या आवाजापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही.
* चष्म्याच्या काडीमुळे किंवा केसांमुळे मफ नीट बसले नाहीत.
* रिव्हॉल्व्हर धरताना बोट चक्राच्या पुढच्या फटीजवळ गेले. तिथूनही गरम वायू सुटतो.

कानाला दडे बसले तर

गोळीबारानंतर कान बंद झाल्यासारखा वाटणे, शीळ किंवा रातकिड्यांसारखा आवाज येणे म्हणजे कानाला इजा झाली आहे. सराव लगेच थांबवा. पुष्कळदा हा त्रास काही तासांत कमी होतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऐकणे पूर्ववत झाले नाही तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. 'आठवडाभर वाट पाहू' असे म्हणू नका. आतल्या कानाला इजा असेल तर काही रुग्णांना डॉक्टर स्टेरॉईड देतात. ते द्यायचे ठरले तर पहिल्या काही दिवसांत सुरू करणे महत्त्वाचे असते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण या औषधाने साखर वाढते.

कानातून रक्त किंवा पाणी येणे, तीव्र वेदना, चक्कर किंवा एका कानाने अचानक अजिबात ऐकू न येणे, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालयात जा. पडदा फाटला असण्याची शक्यता असते. फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका. खोबरेल तेल, लसणाचे तेल किंवा डॉक्टरांनी न दिलेले थेंब घालू नका आणि कान कोरू नका.

डोळा आणि हात

डोळ्यात दारूचे कण गेले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. कण रुतलेला दिसला तर तो काढू नका. डोळ्यावर दाब न देता कागदी कपासारखे काहीतरी झाकून नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

हात नळीच्या तोंडाजवळ असताना स्फोट झाला तर जखम वरून लहान दिसते, पण वायू आणि दारूचे कण आत खोलवर गेलेले असू शकतात. अंगठी लगेच काढा, जखम स्वच्छ कापडाने झाका. हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. सूज वाढणे, बोट बधिर किंवा पांढरे पडणे ही तातडीची लक्षणे आहेत. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

टाळण्यासाठी

फोमचे प्लग बोटांनी बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. बंदिस्त रेंजवर किंवा मोठ्या बंदुकीसाठी प्लगवर मफही घाला. 'सीझ फायर'चा आदेश होऊन सगळ्या बंदुका रिकाम्या होईपर्यंत दोन्ही काढू नका. बाजूला उभ्या पालकांनाही हाच नियम लागू आहे. संरक्षक चष्मा प्रत्येकाने घालावा.

मुलगा किंवा मुलगी नियमित सराव करणार असेल तर सुरुवातीलाच एकदा ऑडिओमेट्री करून घ्या आणि नंतर दरवर्षी तिची तुलना करा. पहिला अहवाल फाइलमध्ये जपून ठेवा, कारण पुढची छोटी घटसुद्धा त्याच्याशी ताडूनच कळते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. त्रास होत असल्यास आपल्या डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.